तुरीच्या दोन्ही संकरांत ३:१ आलं, म्हणजे रिस्टोरर जीन एकच का?

रिस्टोरर जीन म्हणजे पराग न देणाऱ्या, नरवंध्य झाडात पुन्हा पराग आणणारा जीन. एका संकराच्या एफ-२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीत, सुपीक-वांझ ३:१, दुसऱ्याच्या टेस्टक्रॉसमध्येही ३:१, म्हणून दोन्हीकडे जीन एकच, असं तुम्ही धरलंय. तसं नाही. एफ-२ मधलं ३:१ म्हणजे एक प्रभावी जीन, हे बरोबर. पण टेस्टक्रॉसमध्ये, म्हणजे नरवंध्य मादी वाणावर (ए-लाइनवर) एफ-१ चा, पहिल्या पिढीच्या संकराचा, पराग टाकला, तर एका जीनला १:१ यायला हवं. तिथे ३:१ आलं म्हणजे जीन दोन, आणि त्यातला कुठलाही एक असला तरी पराग तयार होतो. त्याच संकराची एफ-२ लावा, १५:१ च्या जवळ येईल. दोन्ही जीन एकत्र लागले असते, तर टेस्टक्रॉस १:३ आणि एफ-२ ९:७ आली असती.

मोजणी कशावरून केलीत, हे मात्र आधी तपासा. इंदूरला एम.एस्सी. करताना मी शेंगा बघून झाडं मोजली आणि अख्खा हंगाम वाया गेला. मधमाश्या शेजारच्या सुपीक झाडांचा पराग आणतात, त्यामुळे वांझ झाडांनाही शेंगा धरतात. शेंगा दिसल्या की मी झाड सुपीक लिहायचो. पुढच्या वर्षी सकाळी कळ्याच उघडून पाहिल्या. सुपीक झाडाचे परागकोश पिवळेधमक, बोटाला पूड लागते. वांझ झाडाचे पांढुरके, कोरडे. उमललेलं फूल घेऊ नका, पूर्ण वाढलेली बंद कळी घ्या. ॲसिटोकार्मिन या पराग रंगवणाऱ्या द्रावणाच्या थेंबात चांगला पराग गोल, लालबुंद दिसतो. वांझ पराग आक्रसलेला, बेरंग.

झाडंही भरपूर लावा. १५:१ मध्ये ३० झाडांत एकही वांझ न दिसण्याची शक्यता १४ टक्के असते. शंभराच्या वर असू द्या.

कॅजनस कॅजनिफोलियस या रानटी भाईबंदाकडून आलेल्या ए-४ पेशीद्रव्यामुळे झाड नरवंध्य होतं; त्यावर एका आणि दोन जीनचे, दोन्ही प्रकारचे रिस्टोरर (पराग परत आणणारे वाण) सापडलेत. २०१० मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झालेला तुरीचा संकरित वाण आयसीपीएच २६७१ याच ए-४ वरचा. एकच जीन दुसऱ्या वाणात नेणं सोपं, हे खरं. तरी संकरासाठी मी दोन जीनचाच रिस्टोरर निवडेन, कारण हवामान बदललं तरी त्याचा पराग जास्त टिकून राहतो, आणि शेतकऱ्याच्या रानात शेंगा शेवटी त्याच परागावर धरायच्या असतात.