‘मी त्या दिवशी बाजारात फिरायला गेले नसते तर?’

करोनाच्या पहिल्या लाटेला आता बरीच वर्षे झाली, तरी समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न अजूनही येतो. मी बाहेर पडले म्हणून घरात आजार आला का, माझ्यामुळे आमचे माणूस गेले का? ज्यांचे बाहेर जाणे पोटासाठी होते, ते निदान स्वतःची समजूत घालू शकतात. औषध आणायला, रेशन घ्यायला किंवा कामावर जावेच लागले, असे त्यांना म्हणता येते. जे नुसते पाय मोकळे करायला आणि चार दुकाने बघायला गेले होते, त्यांच्यापाशी मात्र हा आधार नसतो. अशाच एका बाईंची ही हकिकत आहे. ती त्यांच्या परवानगीने लिहीत आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या सोलापुरातल्या एका जुन्या पेठेत राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या गृहिणी. 2022 च्या गुढीपाडव्याला राज्यातले करोनाचे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला, त्यानंतर महिनाभराने मुलगा त्यांना घेऊन आला. आई दोन वर्षे बाजारात गेलेली नाही, भाजीसुद्धा बाबाच आणतात आणि रात्री तीन वाजता उठून ती हॉलमध्ये बसून राहते, एवढेच त्याने सांगितले. तो बाहेर गेल्यावर बाई बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मॅडम, सासूबाईंना मीच मारलं.”

जून 2020 मध्ये दुकाने पुन्हा उघडू लागली, तेव्हा रस्त्याच्या एका बाजूची दुकाने सम तारखेला आणि दुसऱ्या बाजूची विषम तारखेला, असा नियम होता. वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. कपड्यांच्या दुकानांत ट्रायल रूम बंद आणि घेतलेला माल बदलून मिळत नसे. शक्यतो घराजवळच्या बाजारातच, चालत किंवा सायकलने जावे, असे सरकारी आदेशातच म्हटले होते. बाईंची एक जुनी मैत्रीण पूर्व भागात राहते. घरी तेलुगू बोलणारी आणि यांना ‘अक्का’ म्हणणारी. तीन महिने दोघींची भेट नव्हती. साडीच्या फॉलचे निमित्त काढून त्या मधल्या मारुतीपाशी भेटल्या आणि चाटी गल्लीत शिरल्या. (चाटी म्हणजे कापडविक्या, हा शब्द आता बोलण्यातून गेला असला तरी सोलापुरात तो गल्लीच्या नावाने टिकून आहे.) फॉल पाच मिनिटांत मिळाला. पुढचा दीड तास मात्र त्या एकेका दुकानासमोर थांबत, दोरीच्या अलीकडून कापड बघत, भाव विचारत आणि काहीही न घेता फिरत राहिल्या. “इतकं बरं वाटलं होतं मॅडम,” बाई म्हणाल्या, “तेच आता सहन होत नाही.”

त्यानंतर काही दिवसांनी सासूबाईंना ताप आला. वय पंच्याहत्तरच्या पुढे आणि मधुमेह जुना. त्या रुग्णालयात गेल्या त्या परत आल्या नाहीत आणि शेवटचे दर्शनही झाले नाही. जुलैच्या मध्यावर शहरात पुन्हा कडक टाळेबंदी लागली. तेराव्याला घरात चारच माणसे होती.

अशा वेळी मी पहिला प्रश्न जिवाविषयीचा विचारते. जगणे नकोसे वाटते का, तसा काही विचार मनात येतो का? स्पष्ट शब्दांत विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट सांगायला वाट मिळते. बाईंच्या मनात तसे नव्हते. ज्यांच्या मनात आहे त्यांनी माझ्यासारख्या कोणाची वेळ मिळेपर्यंत थांबू नये. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

त्यानंतर माझ्याकडून एक चूक झाली, तीही सांगते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण पाच-सहा दिवस आणि लांबले तर चौदा दिवस लागत, हे तेव्हा सर्वांना ठाऊक झाले होते. बाईंना बाजारात गेल्याची तारीख नक्की आठवत नव्हती. फॉल अजून पिशवीतच आहे आणि त्यात बिलही असेल, असे त्या म्हणाल्या तेव्हा मी ते आणायला सांगितले. मनातून मला वाटत होते की तीन आठवड्यांचे अंतर निघेल आणि बाई सुटतील. पुढच्या वेळी त्यांनी ती पातळ कापडी पिशवी टेबलावर ठेवली. दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकून मग कपाटात कोंबलेली ती पिशवी तेव्हापासून उघडलीच गेली नव्हती. बिलावर 24 जून होते आणि ताप आला 3 जुलैला, म्हणजे नऊ दिवसांनी.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मला पटकन काहीतरी दिलासा द्यावासा वाटला, पण तो खोटा ठरला असता. त्यांना स्वतःला ना ताप आला होता ना खोकला, पण लक्षणांशिवायही संसर्ग होऊ शकत होता. तेव्हा मी एवढेच म्हणाले, “असू शकतं. तुमच्याकडून आला असेल, किंवा नसेल. हे आता कोणालाच सांगता येणार नाही.” दोन वर्षे घरातल्या सगळ्यांनी “तुझा काही दोष नाही” हे एकच वाक्य त्यांना ऐकवले होते आणि ते त्यांना खरे वाटत नव्हते. त्या दिवशी त्या प्रथमच रडल्या. अपराधीपण घेऊन येणाऱ्याला निर्दोष ठरवण्याची घाई आपण आपल्या सोयीसाठी करतो, असे माझे मत त्यानंतर पक्के झाले.

पुढच्या भेटीत मी कागदावर एक वर्तुळ काढले आणि सासूबाईंच्या आजाराची जबाबदारी ज्याची त्याला वाटून द्यायला सांगितले. ही आमच्या कामातली नेहमीची रीत आहे. “भाकरीच आहे की ही,” असे म्हणून बाईंनी पेन घेतले आणि मधोमध एकच रेघ मारली. माझी अपेक्षा होती की सगळी भाकरी त्या स्वतःकडे ठेवतील.

“हा अर्धा कोणाचा?” मी विचारले.

“तिचा,” त्या म्हणाल्या. “तिच्या गल्लीत तेव्हा पत्रे ठोकले होते ना.”

खोदून विचारल्यावर उरलेली गोष्ट बाहेर आली. प्रतिबंधित क्षेत्र म्हणून पूर्व भागातल्या ज्या गल्ल्या बंद केल्या जात, तिथल्या माणसांकडे शहराचा उरलेला भाग कसा बघत असे, हे सोलापूरकरांना नव्याने सांगायला नको. कामवाल्या मावशींना दार बंद झाले, विडी वळणाऱ्या बायकांच्या हातचे पाणीही नको झाले. बाईंच्या मैत्रिणीच्या घरी कोणीही आजारी नव्हते. दुःखाची बातमी कळल्यावर तिने फोन केला, तेव्हा बाई तिला म्हणाल्या होत्या, “तू आली नसतीस तर आमच्या घरी हे झालं नसतं.” त्यानंतर दोघींचे बोलणे तुटले. चाळीस वर्षांची ओळख होती. एका शाळेत, एका बाकावर बसलेल्या दोघी.

या ठिकाणी मला या प्रकरणाची खरी गाठ दिसली. विषाणू घरात कोणत्या वाटेने आला, हे त्यांच्या हातात नव्हते. फोनवरचे ते वाक्य मात्र त्यांचेच होते. दुसऱ्या गोष्टीची टोचणी सोसवत नाही म्हणून पहिलीचे ओझे त्या डोक्यावर घेऊन बसल्या होत्या, असा माझा कयास आहे. मोठ्या पापाखाली लहान पण खरी चूक झाकली जाते, हे मी इतरांच्या बाबतीतही पाहिले आहे. मी हे बाईंना जवळपास याच शब्दांत सांगितले. त्यांना ते आवडले नाही आणि पुढची भेट त्यांनी रद्द केली.

पंधरा दिवसांनी त्या आपण होऊन आल्या. आम्ही नवे वर्तुळ काढले आणि या वेळी आधी इतरांचे तुकडे पाडले, स्वतःचा सर्वांत शेवटी. नवरा यंत्रमाग कारखान्यात रोज जात होता. मुलगा बँकेच्या रांगेत उभा राहत होता. सासूबाईंना स्वतःला रक्तदाब दाखवायला नेले होते आणि तिथे बंद खोलीत तासभर बसावे लागले होते. वय, मधुमेह आणि नव्या आजारावर तेव्हा नसलेले ठोस औषध यांचेही मोठे तुकडे झाले. मैत्रिणीसाठी आणि स्वतःसाठी मिळून त्यांनी एक बोटभर तुकडा ठेवला. तो पुसून टाकू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणाले.

बाहेर पडण्याचा सराव दुसरीकडे चालू होताच. आधी कोपऱ्यावरची भाजीची गाडी, मग वाण्याचे दुकान, प्रत्येक ठिकाणी भीतीला शून्य ते दहापैकी गुण द्यायचे आणि ती थोडी उतरेपर्यंत तिथून निघायचे नाही. घरी आल्यावर हात एकदाच धुवायचे, तीनदा नाही. हे काम कंटाळवाणे असते, पण दीड महिन्यात त्या नवी पेठेपर्यंत एकट्या जाऊ लागल्या. चाटी गल्ली मात्र त्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवली.

मैत्रिणीला करायच्या फोनची आम्ही तालीम केली. “मी चुकीचं बोलले” एवढेच म्हणायचे आणि त्यापुढे “पण” लावायचे नाही, असे ठरले. तरी प्रत्यक्षात त्यांनी “पण” लावलाच आणि मैत्रिणीने “बघते” म्हणून फोन ठेवून दिला. त्यानंतर तीन आठवडे तिकडून काहीच आले नाही. अशा वेळी लोक समुपदेशकावर रागावतात आणि ते रास्तच असते. माफी मागितली की ती मिळतेच, असे आश्वासन मी कधीही देत नाही. मग एका संध्याकाळी मैत्रिणीचा निरोप आला, गुरुवारी सहा वाजता मधल्या मारुतीपाशी.

पुढचे मी बाईंकडूनच ऐकले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकाने उघडी होती आणि सुरुवातीला कोणत्या बाजूने चालावे हेच दोघींना कळेना. मैत्रीण जुन्या गोष्टीबद्दल चकार शब्द बोलली नाही. तिने पिशवीतला फॉल काढून उजेडात धरला आणि म्हणाली, “अक्का, हा तर तेव्हाही त्या साडीला मॅच नव्हता. तुला सांगितलं होतं मी.” मग दोघी तो बदलून घ्यायला त्याच दुकानात गेल्या. दोन वर्षांपूर्वीचे बिल पाहून दुकानदार हसला आणि त्याने नव्या फॉलचे पूर्ण पैसे घेतले.