शतपावली: कधी, किती आणि कुणी जपून

प्रश्न: माझे यजमान ५४ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपासून मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. रोज सकाळी चार भिंतीच्या टेकडीपर्यंत पाऊण तास फिरून येतात. उपाशीपोटी साखर ११८ येते, पण रात्री जेवणानंतरची २१० च्या खाली येत नाही. सासूबाई म्हणतात शतपावली घाल. यजमानांचे फिरायला जाणारे मित्र म्हणतात, भरल्या पोटी चालू नये. ऐकायचं कुणाचं? (शाहूपुरी, सातारा)

उत्तर: सासूबाईंचं. फक्त शंभर पावलांवर थांबू नका, कारण ती जेमतेम एका मिनिटात संपतात. दहा ते पंधरा मिनिटं चालायला हवं.

भाकरी-भाताची साखर जेवता जेवताच रक्तात उतरायला लागते आणि मधुमेह असेल तर साधारण तास-दीड तासाने सर्वांत वर जाते. मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू शरीरातल्या मोठ्या स्नायूंपैकी. चालताना ते आखडतात-सैलावतात, तेव्हा इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढून घेतात. यजमानांच्या प्रकारच्या मधुमेहात अडचण नेमकी हीच असते की इन्सुलिन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत. म्हणून हा दुसरा दरवाजा फार मोलाचा. सकाळचं फिरणं चांगलंच आहे, ते बंद करू नका. पण रात्री साडेआठला खाल्लेल्या भाताला सकाळी सहाचं चालणं पुरं पडत नाही.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचा २०१६ सालचा अभ्यास आहे. मधुमेहाच्या ४१ जणांना दोन आठवडे रोज कधीही ३० मिनिटं चालायला लावलं आणि दुसरे दोन आठवडे प्रत्येक मुख्य जेवणानंतर १०-१० मिनिटं. चालणं तेवढंच, तरी जेवणानंतरची साखर दुसऱ्या पद्धतीत सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. आपल्याकडेही रात्रीचं जेवण भरपेट आणि त्यानंतर मालिका संपेपर्यंत बैठक, तेव्हा एकच वेळ जमणार असेल तर ती रात्रीची धरा.

ताटं आवरली की दहा-पंधरा मिनिटांत निघावं. तासभर सोफ्यावर बसून मग उठलं तर साखर वर चढून झालेली असते. पहिली दोन मिनिटं रमतगमत, नंतर मिनिटाला ९०-१०० पावलं. बोलताना वाक्य तुटू नये एवढाच वेग. दहा मिनिटांत सहा-सातशे मीटर होतात, तेवढे पुरे. भरल्या पोटी भराभर चालल्यास रक्त पायांकडे वळतं, पोटात कळ येते, मळमळतं. भरल्या पोटी चार भिंतीचा चढ चढू नये, इतकं मित्रांचं म्हणणं खरं आहे.

फरक घरीच मोजता येईल. एका रात्री दोन भाकरी, वाटीभर आमटी, अर्धी वाटी भात खाऊन बसून राहायचं. दुसऱ्या रात्री तेच जेवून चालायचं. दोन्ही रात्री दोन तासांनी साखर तपासायची, आणि ते दोन तास मोजायचे पहिल्या घासापासून. बहुतेक जण हात धुतल्यापासून मोजतात आणि आकडा चुकतो. बोट साबणाने धुऊन कोरडं करा. गुळाचा किंवा पेढ्याचा अंश राहिला तरी साखर खोटी जास्त दिसते. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध दुखतं. ग्लुकोमीटरचाच आकडा दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतो, म्हणून अशा तीन जोड्या तरी करून पाहा.

प्रश्न: मी जेवणाआधी इन्सुलिन घेतो. परवा जेवून चालताना घाम फुटला, हात थरथरले. चालणं सोडू का? (गोडोली)

उत्तर: सोडू नका, पण डॉक्टरांना हे सांगून डोस तपासून घ्या. ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनीही असं होतं. अशा वेळी थांबा, बसा, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, १५ मिनिटांनी साखर मोजा. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या. खिशात साखरेची पुडी असल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे, दोन स्टेंट आहेत. दुपारी जेवून समर्थ मंदिराकडून बोगद्याच्या बाजूला चालत जातात. चढावर छाती आवळते, थांबलं की बरं वाटतं. (सातारा)

उत्तर: हे चालणं आजच थांबवा आणि याच आठवड्यात त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या. ‘थांबलं की बरं वाटतं’ यावर निश्चिंत राहू नका. अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं, नेमका असाच असतो. जेवणानंतर आतड्यांकडे रक्त जास्त जातं, हृदयाचं काम वाढतं, त्यात चढ. तपासणी होऊन परवानगी मिळाली की जेवणानंतर तास-दोन तास जाऊ द्यायचे आणि सपाटीवर, सोबत कुणीतरी घेऊनच चालायचं. बसल्या जागी छातीत दुखलं, घाम आला किंवा दुखणं थांबेना, तर १०८ ला फोन करा, स्कूटरवरून नेऊ नका.

त्यांना ताटावरून उठताना भोवळ येते का, तेही विचारा. वयस्कर माणसांचा रक्तदाब जेवणानंतर दोन तासांत उतरू शकतो. जेवणाआधी आणि नंतर तासाभराने मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर त्याची नोंद डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: दुकान बंद करून दहाला जेवतो. पंधरा मिनिटं चालून लगेच झोपतो, तरी घशाशी आंबट येतं. (करंजे)

उत्तर: चालल्याने पोट थोडं लवकर रिकामं होतं, पण पंधरा मिनिटांत नाही. जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तास हवेत. त्यामुळे भाकरी-भाजी सात-साडेसातला दुकानातच खा, घरी आल्यावर फार तर वाटीभर सूप घ्या. डाव्या कुशीवर झोपा. उशा रचू नका, त्याने पोट दुमडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे घाला. घास घशात अडकत असेल किंवा वजन उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

प्रश्न: जून ते सप्टेंबर साताऱ्याच्या पावसात बाहेर पडता येत नाही. घरात चालून चालेल का? (सदरबझार)

उत्तर: चालेल. फक्त सारखं एकाच बाजूला वळू नका, गुडघा धरतो. दोन खुर्च्यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरा. ओल्या फरशीवर अनवाणी नको, आणि मधुमेह असेल तर सुक्यावरही नको. पायाला बधिरता असली की खडा रुतलेला कळत नाही, म्हणून चालून आल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या आरशात बघून घ्या.