न केलेल्या बाळंतपणांची नोंद लॉगबुकात नको

प्रश्न : माझी मुलगी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्न आहे. स्त्रीरोग विभागात पोस्टिंग लागून पंधरा दिवस झाले आणि दुरुस्तीसाठी लेबर रूम बंद झाली. उरलेले दिवस तिला कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागात लावलं. आता विभागातून सांगतात, 'लॉगबुक भरून आण, सही मिळेल.' तक्रार केली तर कम्प्लिशन, म्हणजे इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा दाखला अडकेल, या भीतीने ती गप्प आहे. काय करावं?

उत्तर : ताई, आधी मुलीला फोन करा आणि सांगा, न केलेलं एकही बाळंतपण लॉगबुकात लिहू नकोस. आधीच लिहिलं असेल तर वही विभागात देऊ नकोस. खोट्या दाखल्यावर सही करणं हे डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार गैरवर्तन आहे. उद्या चौकशी लागली तर महाविद्यालय हात वर करेल आणि अक्षर मात्र तुमच्या मुलीचं निघेल.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2021 च्या इंटर्नशिप नियमांत 12 महिन्यांपैकी 7 आठवडे स्त्रीरोग व प्रसूतीसाठी, कुटुंबकल्याणासह, राखलेले आहेत. कॅज्युअल्टीची पोस्टिंग वेगळी असते, ती यांत धरता येत नाही. आणि हे आठवडे कागदापुरते नाहीत. वर्षभराने हीच मुलगी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकटी असेल, समोर अडलेली बाई असेल. तेव्हा कामी येईल ते हातांनी शिकलेलंच.

अर्ज डीनच्या नावे करा. शक्यतो एकटीने नको, त्या पोस्टिंगच्या सगळ्या इंटर्ननी मिळून. लेबर रूम कोणत्या तारखेला बंद झाली, कोणाच्या आदेशाने कॅज्युअल्टीत लावलं, किती दिवस बुडाले, एवढंच लिहा. आरोप नकोत. मागणी एकच ठेवा : बुडालेले दिवस विद्यापीठाच्या परवानगीने जिल्हा रुग्णालयात किंवा अन्य मान्यताप्राप्त रुग्णालयात, ठरलेल्या बारा महिन्यांच्या आतच भरून द्या. हे 'आतच' विसरू नका. उद्या महाविद्यालय मुदतवाढ देईल आणि ती तिच्या गैरहजेरीमुळे दिली असं दाखवेल. पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट परीक्षेला इंटर्नशिप पूर्ण होण्याची अंतिम तारीख ठरलेली असते, तिथे एका महिन्याने वर्ष जातं. म्हणून कॅज्युअल्टीचं ड्युटी रोस्टर आणि हजेरीपटाचे फोटो आजच काढून ठेवा. रुग्णांची नावं मात्र त्यात नकोत.

अर्जाची प्रत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलसचिवांना स्पीड पोस्टाने पाठवा. दोन आठवड्यांत हालचाल झाली नाही तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम 226 खाली रिट याचिका करता येते. महाविद्यालय खासगी आहे म्हणून घाबरू नका. सार्वजनिक कर्तव्य बजावणाऱ्या खासगी संस्थेविरुद्धही रिट चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आहे. तुमचा जिल्हा यांत असेल तर मुंबईचे हेलपाटे वाचतील. ग्राहक आयोगाकडे मात्र वळू नका, शिक्षणाच्या तक्रारी तिथे सहसा टिकत नाहीत.

वकिलाकडे जाताना आवक शिक्का मारलेली अर्जाची प्रत आणि कोरी पानं तशीच ठेवलेलं लॉगबुक सोबत न्या.