आजीचा कर्ण आणि पन्हाळ्यावरचा गाइड

प्रिय रेवा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा पावसाचाच आवाज जास्त होता. प्रश्न असा ना? आजी म्हणते कर्णासारखा माणूस झाला नाही. शेजारचे काका म्हणतात त्याचं जे झालं ते योग्यच झालं. दोघंही "पुस्तकात लिहिलंय" असंच सांगतात. आणि पन्हाळ्यावरच्या गाइडनं बाजीप्रभूंचं लांबलचक बोलणं म्हणून दाखवल्यावर तू "हे कुणी लिहून ठेवलं होतं?" असं विचारलंस, तर तो म्हणाला, "कादंबरीत आहे की!" म्हणून तुला कळायला हवंय की आपल्याकडे देवांच्या आणि राजांच्या गोष्टी हव्या तशा बदलायची परवानगी कोण देतं, आणि मग खरं ते कसं ओळखायचं.

परवानगी कुणी देत नाही, कारण ती कुणी मागितलेलीच नाही. आपल्या मोरोपंतांनी अठराव्या शतकात बारामतीत बसून रामायण एकदा लिहून थांबवलं नाही, पुन्हा पुन्हा नव्या तऱ्हेनं लिहिलं. त्यातलं एक 'निरोष्ठ' आहे, म्हणजे ते म्हणताना ओठांना ओठ लागत नाहीत. प, फ, ब, भ, म बाद. आता बघ, 'राम' हा शब्दच त्यात येऊ शकत नाही! रामाचं नाव न घेता रामायण. कुणी त्यांना पाखंडी म्हटलं नाही, उलट वाहवा केली. जात्यावर बसणाऱ्या बायका तर त्याहून धीट होत्या. सीतेला वनात धाडणारा राम तिच्या तोलाचा नाही, असं त्या ओवीतून सरळ म्हणत, आणि त्याच बायका रामनवमीला पाळणाही म्हणत.

नाटकवाल्यांनीही हेच केलं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, तिथून मराठी नाटक सुरू झालं असं मानतात. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मध्ये (१८८२) सुभद्रेच्या लग्नाचा घोळ वाड्यातल्या कुठल्याही लग्नासारखा रंगतो. बलरामदादा हट्टाला पेटलेले, कृष्ण गालातल्या गालात हसत सूत्रं हलवतोय. पण मला सगळ्यात आवडते ती 'कीचकवधा'ची गोष्ट. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये हे नाटक लिहिलं. वरवर पाहता विराटाच्या दरबारातली कथा. द्रौपदीचा अपमान करणारा कीचक, थोडं थांब म्हणणारा युधिष्ठिर, दात-ओठ खाणारा भीम. पण प्रेक्षकांना लगेच कळायचं की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. इंग्रज सरकारला ते उशिरा कळलं. १९१० मध्ये बंदी आली.

हे सगळं चालतं, कारण ऐकणाऱ्याला मूळ गोष्ट पाठ असते. तू आत्ता तिथे आहेस तेवढ्यात देवळात श्रावणातली पोथी लागली तर आजीबरोबर जाऊन बस. श्रीधरांचा 'पांडवप्रताप' वाचताना पुढे काय होणार हे समोरच्या प्रत्येक बाईला माहीत असतं. त्या निकाल ऐकायला येत नाहीत. अशा श्रोत्यांपुढे तू कर्णाला थोर कर नाहीतर अधम कर, फसत कुणीच नाही. ते फक्त तुझी बाजू ऐकतात आणि घरी जाताना वाद घालतात.

आता आजीचा कर्ण. तो आला कुठून, हे मला पक्कं ठाऊक आहे. कपाटात वरच्या फळीवर जाडजूड, पाठीला डिंकपट्टी लावलेलं 'मृत्युंजय' असेल, तिथून. शिवाजी सावंत आजऱ्याचे, म्हणजे तुमच्या कोल्हापूर जिल्ह्यातलेच. १९६७ मध्ये हे पुस्तक आलं तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. त्यांनी काय केलं, तर गोष्ट सहा जणांच्या तोंडून सांगितली. कर्ण स्वतः, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण आणि शेवटी कृष्ण. वृषाली हे नाव व्यासांच्या महाभारतात शोधलंस तर सापडणार नाही. तिथे कर्णाची बायको आहे, पण नावाविना, शेवटी रणांगणावर रडताना दिसते तेवढीच. सावंतांनी तिला नाव दिलं, मन दिलं, बोलायला पानं दिली. आजीच्या पिढीनं हे पुस्तक एकमेकांकडून मागून मागून वाचलं. गुणी माणूस, पण जातीवरून हिणवलेला, आईनं टाकलेला, मिळालेल्या मैत्रीला शेवटपर्यंत जागलेला. आपल्याकडे किती घरांत असा एक काका-मामा असतो, ज्याला हुशारी असून संधी मिळाली नाही! त्या सगळ्यांना सावंतांनी आवाज दिला. आजी कर्णासाठी डोळे पुसते तेव्हा ती एकट्या कर्णासाठी पुसत नाही, असं मला वाटतं. हे तिला बोलून दाखवू नकोस.

शेजारचे काकाही खोटं बोलत नाहीत. महाभारतातल्या द्यूतसभेत द्रौपदीला 'बंधकी', म्हणजे वेश्या, म्हणणारा आणि तिची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. घोषयात्रेत, म्हणजे कौरव गायींचे कळप बघायला वनात गेले होते तिथे, गंधर्वांनी दुर्योधनाला पकडलं, तेव्हा रणातून निघून गेलेलाही कर्णच. विराटाच्या गायी पळवताना एकट्या अर्जुनानं सगळ्यांना लोळवलं, त्यातही हा होता. 'अर्जुनापेक्षा भारी, पण संधी नाकारली' हे चित्र या प्रसंगांपुढे टिकत नाही.

आणि स्वयंवराचं काय? "मी सूताला (सारथ्याच्या मुलाला) वरणार नाही" असं द्रौपदी म्हणते, तोच तर आजीचा मुख्य राग. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ पासून १९६६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धं शतक, देशभरातल्या हजाराहून जास्त पोथ्या ओळीला ओळ लावून तपासल्या आणि महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार केली. त्या आवृत्तीच्या मुख्य पाठात द्रौपदीचं हे वाक्य नाही, ते टिपांमध्ये गेलंय. म्हणजे ज्या वाक्यावर इतक्या कथा, मालिका आणि आजीचे इतके हुंदके उभे आहेत, ते मागाहून कुणीतरी घातलेलं असण्याचीच शक्यता जास्त. तेव्हासुद्धा कुणीतरी कर्णाची बाजू घेतच होतं, बघ.

या कामाचे मुख्य संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी डॉक्टरेट घेतली ती आपल्या बर्लिनमध्ये. आणि त्या आवृत्तीवर विसंबून महाभारताकडे जिनं अगदी कोरड्या डोळ्यांनी पाहिलं, ती बाईसुद्धा इथेच शिकली. इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या डालेमच्या मानववंशशास्त्र संस्थेत होत्या. ती इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. तू सुट्टीहून आलीस की आपण सायकलनं जाऊ. तिथे त्यांचं काम होतं माणसांच्या कवट्या मोजायचं. गोऱ्यांची कवटी वेगळी, म्हणून अक्कल वेगळी, असा निष्कर्ष त्यांच्या प्राध्यापकांना हवा होता. मोजमापांतून तो निघाला नाही आणि इरावतीबाईंनी तसं लिहिलं. परक्या देशात, एकटी मुलगी, समोर खुद्द गुरू! त्यांचं 'युगान्त'ही १९६७ चंच, 'मृत्युंजय'च्या जोडीचं. ती कादंबरी नाही, लेख आहेत, पण मधेच गांधारी-धृतराष्ट्र अरण्यात बोलताना दिसतात आणि आपण कथेत शिरतो. कर्णावरच्या लेखाचं नाव आहे 'मी कोण?'. त्यात त्या कर्णाला देव करत नाहीत आणि झोडपतही नाहीत. आणि विदुर हाच धर्मराजाचा बाप असावा का, हा प्रश्न तर त्यांनी असा थेट विचारलाय की भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या. कर्णाच्या बाबतीत मी आजीच्या नाही, इरावतीबाईंच्या बाजूची आहे, हे एकदा सांगून टाकते.

एवढं सगळं पुराणाचं. पन्हाळ्याच्या गाइडचं प्रकरण मात्र निराळं, आणि तिथे मी तितकी उदार नाही.

राजाच्या गोष्टीत वाचकाला मूळ पाठ नसतं. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात चार ओळी असतात. उरलेलं सगळं आपण कादंबरी, नाटक, सिनेमातून शिकतो आणि तेच झालं असं धरून चालतो. तुला सिंहगडाची गोष्ट मीच सांगितली होती. तानाजी पडला, महाराज म्हणाले "गड आला पण सिंह गेला", आणि कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं. हे वाक्य घराघरांत पोहोचवलं ते हरि नारायण आपट्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीनं. सभासदाच्या बखरीत, जी तानाजीनंतर पंचवीस-तीस वर्षांतच लिहिली गेली, महाराज म्हणतात ते असं: "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." सिंह नाहीच. आणि सिंहगड हे नाव १६७० च्या लढाईआधीच्या पत्रांतही येतं. तानाजीचं शौर्य यानं तसूभर कमी होत नाही, तो त्या रात्री कडा चढून गेला आणि लढता लढता पडला, हे खरंच. मला तर बखरीतलं साधं वाक्यच जास्त लागतं. माणूस गेला तर गड गेला असं म्हणणारा राजा!

पन्हाळ्याचंही तेच. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पावसाळी रात्री निसटले, बाजीप्रभूंनी खिंड अडवली, हे झालं. पण खिंडीत कोण कुणाला काय म्हणालं, हे टिपून घ्यायला तिथे कारकून बसलेला नव्हता. गाइडनं म्हटलं ते कुठल्यातरी लेखकानं रात्री जागून लिहिलेलं असणार. चांगलंही असेल.

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात तुम्ही मैत्रिणींनी काशीबाई आणि मस्तानीचा तो नाच केला होता, आठवतं? सिनेमा ना. सं. इनामदारांच्या 'राऊ' कादंबरीवरून निघालेला. पेशव्यांची बायको नऊवारी नेसून मस्तानीबरोबर सर्वांसमोर नाचली, याला त्या काळचा कागद नाही, आणि त्या काळच्या शनिवारवाड्यात ते कल्पनेतही बसत नाही. नाच तुम्ही छान केलात, ते वेगळं.

म्हणून काय, या कादंबऱ्या वाचायच्या नाहीत? छे! रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) मी तुझ्यापेक्षा थोडीच मोठी असताना वाचली आणि माधवराव पेशवे माझ्यासाठी पहिल्यांदा माणूस झाले. राजयक्ष्म्यानं, म्हणजे क्षयानं, खंगत गेलेला सत्तावीस वर्षांचा मुलगा, राज्य सावरतोय आणि काकाशी भांडतोय. १७७२ मध्ये थेऊरला ते गेले, रमाबाई सती गेल्या. थेऊरला गणपतीच्या दर्शनाला येणारे कितीतरी लोक रमाबाईंच्या समाधीपाशी घुटमळतात, ते देसाईंमुळे. तारखा, स्थळं, लढाया बऱ्याचशा खऱ्या. पण नवरा-बायकोच्या एकांतातलं बोलणं देसाईंचं. सतीला त्यात जो हळवा उजेड मिळतो, तो मला आता वाचताना खुपतो. एका तरुण बाईला जाळलं जातंय आणि वाचकाच्या डोळ्यांत कौतुकाचं पाणी यावं, अशी ती मांडणी आहे. तू वाचशील तेव्हा यावर आपण भांडू.

इंग्रजीतल्या मेलुहाच्या शिवाबद्दलही विचारलं होतंस. अमीश त्रिपाठींचं ते पहिलं पुस्तक २०१० चं. त्यात शिव हा तिबेटातून आलेला टोळीप्रमुख आहे. वाचायला गंमत येते, पण पात्रं माझ्या ऑफिसातल्या मीटिंगसारखी बोलतात. वाच, बिघडत नाही. शिवाला पाठीवर घेऊन आपलं पुराण त्याहून विचित्र ठिकाणी हिंडून आलंय. फक्त सिंधू संस्कृतीचं त्यातलं राज्य इतिहासाच्या पेपरात लिहू नकोस. मोहेंजोदडोच्या लोकांची लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही, त्यामुळे त्यांच्या राजाचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही.

आता तिथे आहेस तर 'मृत्युंजय' सुरू कर. सगळं झेपणार नाही, भाषा अलंकारांनी गच्च भरलेली आहे. कुंतीचा भाग तेवढा आजीकडून मोठ्यानं वाचून घे, ती झकास वाचते. 'युगान्त' माझ्याकडे इथे आहे. आणि घोषयात्रेचं आजीला विचारायचंच असेल तर जेवणं उरकल्यावर विचार, काकांना बोलावू नकोस.

तुझी,
आई