ऑपरेशन लहानपणी, प्रश्न मोठेपणी

गेल्या अंकात मी ब्लॅडर एक्सस्ट्रॉफीबद्दल लिहिलं आणि पत्रं येऊ लागली. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या आजारात बाळ जन्मतं तेव्हा लघवीची पिशवी पोटाच्या खालच्या भागावर उघडी असते आणि कमरेची हाडं पुढच्या बाजूला जुळलेली नसतात. साधारण 30 ते 50 हजार जन्मांमागे असं एक बाळ असतं, त्यातही मुलगे जास्त. मुली कमी, म्हणून मोठ्या झालेल्या बायका तर शोधूनच काढाव्या लागतात. मी त्यातली एक. वय 43, राहायला कोपरखैरण्याला, नोकरी ठाण्यात, हिशेब तपासण्याची. डॉक्टर नाही, त्यामुळे इथलं वाचून औषध बदलू नका. डॉक्टरांना काय विचारायचं, तेवढं इथून घेऊन जा.

पहिलं पत्र: मी 26 वर्षांची, कळव्याला राहते. पिशवी लहान म्हणून आतड्याचा तुकडा जोडलाय, पोटावरच्या छिद्रातून नळी घालून लघवी काढते. घरात स्थळं बघायला लागलेत. आई म्हणते, आधी काही बोलायचं नाही, लग्नानंतर बघू. मला मूल होईल का? आणि नवऱ्याबरोबरचं सगळं जमेल का? हे विचारायला कुणी नाही. (नाव छापू नये)

अगं, नाव कशाला छापू. तुझं शेवटचं वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात आहे.

जमेल. पण लग्न ठरायच्या आधी स्वतःची एक तपासणी करून घे, आणि ती युरोलॉजिस्टबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञाकडेही. आपल्यात योनीमार्ग बहुधा आखूड असतो, त्याचं तोंड अरुंद आणि नेहमीपेक्षा पुढे असतं. काहींना ते रुंद करायला वयात आल्यावर छोटं ऑपरेशन लागतं, काहींना लागत नाही. पहिल्या रात्री दुखलं म्हणून हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आणि एकदा आरसा घेऊन स्वतःकडे बघ. आपल्याला लहानपणापासून इतक्या डॉक्टरांनी बघितलेलं असतं, की आपण स्वतः बघायचं राहून जातं. बाहेरून दोन्ही बाजू वेगळ्या दिसतात, मधे जुळत नाहीत. संवेदना मात्र असते. हे मला कुणी विशीत सांगितलं असतं तर बरीच वर्षं मोकळी गेली असती.

मुलाचं म्हणशील तर गर्भाशय आणि बीजाशय सहसा व्यवस्थित असतात, पाळीही नेहमीसारखी येते. या आजाराच्या कितीतरी बायकांना मुलं झाली आहेत. बाळंतपण मात्र जोखमीचं धरतात: लघवीचा संसर्ग, मूत्रपिंडाला सूज, दिवस भरायच्या आत प्रसूती. पोट वाढलं की नळी घालणं अवघड होऊ शकतं. बहुतेकींना सिझेरियन सांगतात आणि त्या वेळी आपली ऑपरेशनं माहीत असलेला युरोलॉजिस्ट शेजारी हवाच, कारण पोट उघडल्यावर आत काय कुठे वळवलंय हे दुसऱ्याला कळत नाही. बाळाला हाच आजार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, पण ती साधारण 70 मध्ये एक. एक गंमतही लक्षात ठेव: पिशवीला आतडं जोडलेलं असेल तर मेडिकलमधल्या किटवर दिवस गेलेले नसतानाही दोन रेषा उमटू शकतात. रक्ताची तपासणी होईपर्यंत पेढे आणायचे नाहीत.

आता आईचं. कांदेपोह्यांच्या बैठकीत सगळ्या गोतावळ्यासमोर सांगायची काही गरज नाही, इथवर आई बरोबर आहेत. पण साखरपुड्याआधी मुलाला एकट्याला सांगायलाच हवं. लग्नानंतर नळी कुठे लपवणार? मी होणाऱ्या नवऱ्याला तलावपाळीच्या कट्ट्यावर सांगितलं, दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत. त्याने पहिला प्रश्न विचारला, मग ट्रेकला जाता येतं का? त्याला तेव्हा हरिश्चंद्रगडाचं वेड होतं. येतं, म्हटलं, पाण्याची एक बाटली जास्तीची लागते. मूल वगैरे त्याने पुढच्या भेटीत विचारलं. त्याच्या आधीच्या एका स्थळाकडून निरोप आला होता, पत्रिका जुळत नाही. पत्रिका जुळली म्हणून तर ते बघायला आले होते! असो. नकार येतात, ते लग्नाआधी आलेले परवडतात.

माझी मुलगी 17 वर्षांची आहे. जन्मल्यापासून मुलांच्या हॉस्पिटलात दाखवतो. आता ते म्हणतात, 18 नंतर मोठ्यांच्या डॉक्टरकडे जा. कुणाकडे ते सांगत नाहीत. आम्ही काय करावं? (एक आई, ऐरोली)

ताई, 18 पूर्ण व्हायच्या आत तिथून सगळे कागद काढून घ्या. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही, ऑपरेशनच्या नोंदी मागा. अर्ज द्यावा लागेल, रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर खेटे पडतील, पण सोडू नका. त्या नोंदींत बघायचं ते हे: हाडं कापून जवळ आणली होती का, पिशवीला आतड्याचा कोणता भाग जोडला, आणि पोटावरची वाट अपेंडिक्सची केली का. 1980 मध्ये मित्रोफॅनॉफ या फ्रेंच सर्जनने ही पद्धत मांडली, आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या पोटावर त्याच नावाचं भोक आहे. उद्या पोटात दुखलं आणि गल्लीतल्या डॉक्टरांनी अपेंडिक्सची शंका काढली, तर ते अपेंडिक्स आता लघवीची वाट आहे हे मुलीला सांगता यायला हवं.

दाखवायला असं मोठं रुग्णालय निवडा जिथे युरोलॉजी आणि स्त्रीरोग दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. परळचं केईएम तसं आहे, ऐरोलीहून ठाणे आणि तिथून स्लो लोकल. अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात 2009 पासून परदेशी सर्जनांबरोबर या ऑपरेशनांची शिबिरं होत आली आहेत, पण तो भर लहान मुलांवर. वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी), रक्तातलं आम्ल वाढलंय का ते, आणि आतडं जोडलं असेल तर बी 12. आतडं पिशवीत गेलं तरी चिकट स्राव सोडतंच राहतं, म्हणून सलाइनने पिशवी धुणं कॉलेजच्या गडबडीत सुटू देऊ नका. त्या चिकट्यावर खडे धरतात.

जोडलेली पिशवी क्वचित फुटते. पोट फुगून दुखायला लागलं, ताप किंवा उलट्या आल्या, नळीतून लघवी कमी आली, तर घरी वाट बघत बसायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि दारातच सांगायचं की पिशवीला आतडं जोडलेलं आहे. इतक्या ऑपरेशनांमुळे आपल्याला रबरी हातमोज्यांची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी होऊ शकते. दाताच्या डॉक्टरलाही ते सांगावं लागतं.

एक खटकलं ते लिहिते, राग मानू नका. तुमच्या दोन पानी पत्रात मुलीचं एकही वाक्य नाही. पुढच्या खेपेला तिला डॉक्टरांच्या खोलीत थोडा वेळ एकटी जाऊ द्या. तुमच्यासमोर ती विचारणार नाही अशा गोष्टी असतात.

वय 38, अंबरनाथ. मूलबाळ नाही, तरी अंग बाहेर येतंय. इथले डॉक्टर म्हणतात गर्भपिशवी काढून टाका. तुमच्याचसारखी लहानपणी ऑपरेशनं झालीत.

बाळंतपण न होताही आपल्यात हे होतं, तेही कमी वयात. हाडं पुढे जुळलेली नसल्यामुळे खालून आधार देणारे स्नायू फाकलेले असतात, गर्भाशयाला टेकायला काही नसतं. तुमचा त्यात काही दोष नाही. गर्भपिशवी काढली तरी आधार ढिला तो ढिलाच, मग योनीमार्ग खाली येऊ शकतो. म्हणून घाई नको. हा आजार माहीत असलेल्या सर्जनचं दुसरं मत घ्या आणि "गर्भपिशवी ठेवून वर बांधता येईल का?" हे स्पष्ट विचारा. तोवर जड बादल्या उचलू नका, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. पाळी सुरू आहे की नाही, मूल हवंय की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना ते आधी सांगा, त्यावर बरंच अवलंबून आहे.

लोकलमध्ये टॉयलेट नसतं म्हणून मी कॉलेजला जाताना पाणीच पीत नाही. चालेल का? (घणसोली)

नाही चालणार. पाणी कमी पडलं की खडे आणि संसर्ग दोन्ही. घरून निघताना पिशवी रिकामी कर, कॉलेजला पोचल्यावर पुन्हा. चार तासांच्या वर ताणू नकोस. माझ्या पर्समध्ये एक चेनचा पाउच असतो: दोन नळ्या, जेलची ट्यूब, ओले वाइप्स आणि दाराला कडी नसेल तर बांधायला एक नाडी. टॉयलेटच्या नळाला पाणी नसेल हे धरूनच चालायचं, म्हणून हात धुवायची छोटी बाटली वेगळी. मैत्रिणी विचारतात एवढा वेळ काय करतेस, असंही तू लिहिलंयस. त्यांतल्या एकीला खरं सांगून ठेव, ती दाराबाहेर उभी राहील.