घर पहिल्यांदाच भाड्याने देताना

प्रश्न : पुण्यातील आमचा लहानसा फ्लॅट मी गेल्या वर्षी पहिल्यांदाच भाड्याने दिला. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे एजंटाने सांगितल्यामुळे केवळ नोटरी केली. आता अनामत रकमेतून रंगकामाचा खर्च कापण्यावरून वाद उभा राहिला आहे. माझे काय चुकले?

उत्तर : हा गैरसमज इतका रुजलेला आहे की आपल्याला दोष देववत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व ही जबाबदारी घरमालकाचीच असते. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजेच अनामतीतून काय कापायचे, याविषयी तोंडी जे ठरले होते ते सिद्ध करण्याचा भार आज आपल्यावर आहे.

रंगाचे म्हणाल, तर नित्याच्या वापराने भिंत मळणे आणि भिंतीची नासधूस होणे यांत फरक आहे. पहिल्याचा खर्च मालकाने सोसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ताबा देताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे, पंखे-नळांची यादी आणि वीजमीटरचे वाचन दोघांच्या सह्यांनिशी ठेवले असते, तर हा फरक दाखवता आला असता. सध्या निव्वळ नासधुशीपुरती रक्कम कापून, पावत्यांसह हिशेब देऊन उरलेली अनामत परत करावी. पुढचा करार मात्र नोंदवूनच किल्ली द्यावी आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही तेव्हाच भरावी.