सुपारीच्या डबीतल्या गोळ्या

"मॅडम, दोन वर्षं पोरीला काही नव्हतं, परवा एकदाच फिट आली ती पण जागरणाने, आता गोळ्या बंद केल्या तर चालेल ना, स्थळं बघतोय." हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. ह्या वेळी मायलेकी होत्या (ओळख पटेल असं सगळं बदललंय), मुलगी 23 ची, आई बोलत होती आणि ती गप्प.

गोळ्या दाखवा म्हटलं, तर आईने पर्समधून सुपारीची स्टीलची डबी काढली. आत गोळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या, वरचं कोटिंग सुटलेलं. पाहुण्यांनी स्ट्रिपवरचं नाव वाचू नये म्हणून आल्या आल्या सगळ्या सोलून डबीत भरायच्या! आता ही गोळी होती सोडियम व्हॅल्प्रोएट ह्या फिटच्या औषधाची, ती हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून खायच्या वेळीच फॉइलमधून काढायची असते. म्हटलं, काकू ह्या टाकून द्या, नवीन स्ट्रिप आणा आणि स्ट्रिपच ठेवा.

मग परवाचं विचारलं. मावसभावाची हळद, डबी आईच्या पर्समध्ये, आई स्वयंपाकात, चारचौघांत मागायची कशी म्हणून सकाळची राहिली, रात्रीची पण राहिली, वर तीन वाजेपर्यंत नाच. पहाटे फिट. कुणी चप्पल हुंगवली, एका काकांनी दातात चमचा घातला, ओठ फाटला तो त्यानेच. मला खरंच राग येतो ह्याचा. तोंडात काहीही घालू नका, दाबून धरू नका, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट हॉस्पिटल.

मुलीने मग विचारलं, विसरले तर पुढच्या वेळी दोन घेऊ का? नाही गं, आठवली की लगेच घे, पण पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर राहिलेली सोड, डबल नाही. आणि एकदम बंद तर कधीच नाही, फिट थांबेचना अशी वेळ येऊ शकते. डॉक्टर दोन-अडीच वर्षं फिट नसेल तर बंद करायचा विचार करतात, तोही प्रत्येकाचा नाही, आणि केला तरी महिनोन् महिने थोडी थोडी कमी करत. परवाच्या फिटनंतर तर तो विषय पुढेच गेला.

दुसरं आईला जड गेलं. व्हॅल्प्रोएटचा पोटातल्या बाळावर वाईट परिणाम होऊ शकतो, म्हणून लग्न ठरायच्या आधीच न्यूरोलॉजिस्टशी (मेंदूच्या डॉक्टरांशी) बोला, दुसरं औषध बसतंय का ते तेच बघतील, तुम्ही स्वतःहून काही थांबवू नका. मिरगी, म्हणजे हाच फिटचा आजार, असला तर लग्न रद्द होऊ शकतं हा मुद्दा हिंदू विवाह कायद्यातून 1999 मध्येच काढलाय हेही सांगितलं. त्यावर आई म्हणाली, "कायदा कोण वाचतंय मॅडम, लोक चहा पिता पिता नकार देतात." ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

महिन्याने मुलगी एकटी आली. औषध हळूहळू बदलायला सुरुवात झालीये, स्ट्रिप तिच्या स्वतःच्या पर्समध्ये, मोबाईलला आठ आणि आठचा अलार्म. डबीत आता बडीशेप असते म्हणाली. आई मात्र शेजारणींना अजून व्हिटॅमिनच्या गोळ्या म्हणूनच सांगते.